ब्रीदर पाइपचा मार्ग बदलला: कामाच्या नोंदी

गाडी: मोटरसायकल, जुनं एक सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन, कार्ब्युरेटरवालं. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. काम काढलं तेव्हा ओडोमीटर ४१,२१०.

४ फेब्रुवारी

एअर फिल्टर झटकायला म्हणून बॉक्स उघडला, तर आत ऑइलचं तळं. फिल्टरचा कागद खालून दोन बोटं उंचीपर्यंत चिंब, तोही आतल्या बाजूने. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तपकिरी चिकट थर. महिनाभर गाडी चढावर दमत होती आणि प्लग काळा येत होता. मी जेटिंगवर (कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणावर) संशय घेऊन त्याची सुई दोनदा खालीवर केली. सुई बिचारी निर्दोष होती. भिजलेल्या कागदातून हवा येत नव्हती, एवढंच.

ऑइल आलं कुठून ते उघड आहे. क्रँककेसचा (क्रँक आणि ऑइल असतं त्या इंजिनाच्या खालच्या पोटाचा) ब्रीदर पाइप, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, याच बॉक्समध्ये सोडलाय, फिल्टरच्या पलीकडे, कार्ब्युरेटरच्या बाजूला. ठरवलं: पाइप इथून काढायचा आणि दुसरीकडे न्यायचा. एका रविवारचं काम.

६ फेब्रुवारी

पाइपला हात लावण्याआधी रिंगा (पिस्टनभोवतीची कडी, वरचा वायू खाली गळू न देणारी) तपासल्या. रिंगा गेल्या असतील तर पाइप कुठेही न्या, ऑइल येणारच. इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं: १०५ पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं: ११२. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात, त्यामुळे आकडा एकदम उसळला तर रिंगांवर शंका घ्यायची. इथे सातचाच फरक. रिंगा बऱ्या आहेत. आता पाइपचा मार्ग बघायला हरकत नाही.

७ फेब्रुवारी

टाकी आणि सीट काढून पाइपचा पूर्ण मार्ग पाहिला. सिलिंडरच्या बुडाशी निघतो, बॅटरीच्या मागे खाली लोंबतो आणि तिथून वर चढून बॉक्समध्ये शिरतो. त्या लोंबत्या भागात पाइप पिळला तर आत बुळबुळीत काहीतरी हललं. काढून उलटा केला: सायीसारखा पिवळट पांढरा लगदा, साधारण दोन चमचे. पाणी आणि ऑइल घुसळून होतो तो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरते आणि थंड जागा सापडली की तिथे पाणी होऊन बसते. लोंबता पाइप म्हणजे अशी आयती जागा.

हा झोल कंपनीचा नाही, माझाच. दोन वर्षांपूर्वी बॅटरी बदलताना क्लिप तुटली होती आणि मी ‘नंतर बघू’ म्हटलं होतं.

११ फेब्रुवारी

तात्पुरती जोडणी. घरात पडलेला रेडिएटरच्या पाण्याचा रबरी पाइप, आतून १२ मिमी, ब्रीदरला लावला आणि चेसीच्या कडेने मागे नेऊन एका लिटरच्या प्लास्टिक बाटलीत सोडला. बाटलीच्या झाकणाला दोन भोकं, एक पाइपसाठी आणि दुसरं हवा बाहेर जायला. ते दुसरं भोक विसरलात तर बाटली म्हणजे क्रँककेसला मारलेलं बूच.

एअर बॉक्सवरची मोकळी झालेली नळी आठवणीने बंद केली (पाइपचा तुकडा, त्यात बोल्ट, वरून क्लिप). ती फिल्टरच्या पलीकडे उघडते. उघडी ठेवली असती तर इंजिनाने तिथून धूळ थेट गिळली असती. ब्रीदर काढून टाकणारे हे हटकून विसरतात आणि मग वर्षभरात रिंगा खरंच जातात.

१५ फेब्रुवारी

२०० किमी झाले. बाटलीत ७० मिली. बहुतेक ऑइलच.

एवढं? हिशेबाने १,००० किमीला ३५० मिली. आधी हे सगळं इंजिन पुन्हा पिऊन जाळत होतं, म्हणून डिपस्टिकवर कमी झालेलं दिसायचं पण जमिनीवर थेंब नसायचा.

१६ फेब्रुवारी

आज गाडी चालवली नाही, कागद घेऊन बसलो.

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची ३४६ सीसी जागा कमी होते आणि वर गेला की तेवढीच परत मोकळी होते. ३,००० आरपीएमला सेकंदात ५० फेऱ्या, म्हणजे खाली येण्याचा प्रत्येक फेरा एका सेकंदाच्या शंभराव्या भागात. १२ मिमी पाइपचं भोक १.१३ चौरस सेंमी. एवढ्या भोकातून एवढ्या वेळात ३४६ सीसी हवा काढायची तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०६ मीटर हवा. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास! तेव्हा सगळी हवा बाहेर येतच नसणार, हे नक्की. बरीचशी आतल्या आत दबते आणि पसरते, स्प्रिंगसारखी. जी बाहेर येते ती मात्र झटक्याने येते, आणि झटक्याच्या हवेला ऑइलचे थेंब उचलून न्यायला वेळ लागत नाही.

दुसरा हिशेब जास्त बोलका निघाला. एक मीटर लांब, १२ मिमी पाइपच्या पोटात फक्त ११३ सीसी मावतात. म्हणजे एका फेऱ्यात इंजिनाचा श्वास पाइपच्या टोकापर्यंत जाऊन बाहेर पडू शकतो. आणि पिस्टन वर गेला की टोकाशी जे असेल ते आत येतं. खात्री करायला पाइप बाटलीतून काढून त्याच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरली. आयडलवर (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना) पट्टी बाहेर उडत होती आणि तितक्याच जोराने आत ओढली जात होती. म्हणजे उघडं टोक चाकाजवळ सोडलं की ओल्या रस्त्यावर इंजिन ती धूळ आणि तुषार हुंगत चालणार. लगदा का होतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

एक सिलिंडरच्या इंजिनाचा हा जन्मजात त्रास. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, एकूण जागा जवळपास तेवढीच राहते. तिथे ब्रीदरला फक्त रिंगांवरून गळलेला वायू बाहेर काढायचा असतो. माझ्या ब्रीदरला भात्याचं कामही आहे.

२५ फेब्रुवारी

पाइप निसटला. चालत्या गाडीवर उजवा बूट ऑइलने माखला तेव्हा कळलं. नशीब, मागच्या टायरवर गेलं नाही.

क्लिप घट्ट होती, पाइपच बदलला होता. टोकाशी फुगून मऊ पडलेला, नखाने दाबलं तर खड्डा राहत होता. रेडिएटरचे पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाण्याला ते उत्तम, पण खनिज ऑइल शोषून फुगतात. हे मला माहीत होतं. ‘दोन आठवडे चालेल’ म्हणून लावला आणि बरोबर दोन आठवडेच चालला. आता नायट्राइलचा, आत दोऱ्याची वीण असलेला, ऑइलसाठीचाच पाइप आणला. पारदर्शक पीव्हीसी लावायचा मोह झाला होता, आतलं दिसतं म्हणून. पण इंजिनाजवळच्या उष्णतेने तो आधी लोळागोळा होतो आणि काही महिन्यांनी काचेसारखा कडक होऊन तडकतो.

२८ फेब्रुवारी

ही नोंद लिहायला लाज वाटते आहे.

नवा पाइप लावताना ऑइलची पातळी बघितली. नेहमीप्रमाणे डिपस्टिक पुसली, भोकात नुसती टेकवली, काढून पाहिली: दोन खुणांच्या मधोमध. धाकटी बहीण शेजारी बसून मॅन्युअल चाळत होती. म्हणाली, “दादा, इथे आटे फिरवून पूर्ण बसवायची आणि मग काढायची असं लिहिलंय.” मी म्हटलं, सगळ्या गाड्यांना टेकवूनच बघतात. तिने पान समोर धरलं.

बसवून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या नऊ मिमी वर. काही गाड्यांना टेकवून बघायची असते, काहींना आटे बसवून. माझीला बसवून. इतकी वर्षं मी आट्यांच्या उंचीइतकं ऑइल जास्त भरत होतो, ते क्रँक घुसळत होता आणि ब्रीदर निमूटपणे बाहेर टाकत होता. मग डिपस्टिकवर पातळी उतरलेली दिसली की मी पुन्हा भरत होतो.

ड्रेन बोल्टमधून ३२० मिली काढलं. गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर, पाच मिनिटं थांबून मोजलं. बहिणीला काहीही बोललो नाही. तीही काही बोलली नाही, नुसती हसली.

३ मार्च

पातळी बरोबर करून २०० किमी. बाटलीत २२ मिली. सत्तरवरून बावीस, नुसता ड्रेन बोल्ट फिरवून!

हे २२ मिली काचेच्या अरुंद बाटलीत रात्रभर ठेवलं. सकाळी तीन थर: वर ऑइल, मध्ये लगदा, तळाशी गढूळ पाणी. पाणी साधारण सहा मिली. त्यात भाचीच्या प्रयोगपेटीतली निळी लिटमस पट्टी बुडवली, ती लाल झाली. ज्वलनातले वायू पाण्यात विरघळले की आम्ल होतं. हा ऐवज नळी लावून परत क्रँककेसमध्ये सोडायचा बेत माझ्या डोक्यात होता, तो इथेच संपला. बेअरिंगना हे पाणी पाजायचं नाही.

१० मार्च

खरा डबा बनवला. ७५ मिमी व्यासाची अॅल्युमिनियमची नळी, उंची १४० मिमी, दोन्हीकडे चकत्या वेल्ड केल्या. पोटात ६०० सीसीच्या थोडं वर मावतं, म्हणजे इंजिनाच्या एका श्वासापेक्षा बरंच जास्त.

डब्याचं सगळं शास्त्र वेगात आहे. १२ मिमीच्या पाइपमधून ७५ मिमीच्या पोटात शिरली की हवेचा वेग एकोणचाळिसावा होतो, आणि मंद हवेला थेंब पेलवत नाहीत, ते खाली पडतात. आत येणारी नळी मध्यावर नाही, कडेने तिरकी घेतली, म्हणजे हवा भिंतीला घासत गोल फिरते. बाहेर जाणारी वरच्या चकतीवर, खाली अजिबात न उतरणारी. त्या दोघींच्या मध्ये भोकं पाडलेल्या दोन चकत्यांत स्टीलची विणलेली जाळी दाबून बसवली. भांडी घासायच्या स्वस्त घासणीचे तुकडे सुटतात, ती टाळली. जाळी गच्चही भरायची नाही, तोंडाने फुंकलं तर जराही जोर लागता कामा नये. तळाला निचऱ्याचा बोल्ट, आणि मापाला बाहेरून जाड भिंतीच्या पारदर्शक नळीचा छोटा तुकडा. तो इंजिनापासून लांब आहे, तिथे चालेल.

जागा: बॅटरीमागे, सीटखाली. सायलेन्सरपासून दूर, कारण आतल्या वाफेत पेट्रोलही असतं.

आणि पाइपचा उतार. ब्रीदरच्या तोंडावर आधी २० मिमी व्यासाची, १५० मिमी उंच उभी नळी. तिच्यात वेग जवळपास तिसरा हिस्सा होतो, त्यामुळे मोठे थेंब तिथेच भिंतीला लागून गरम असतानाच परत खाली ओघळतात. तिथून डब्यापर्यंत पाइप डब्याच्या बाजूला उतरता. मध्ये कुठेही झोळ नाही. क्लिपा चार लावल्या, दोन पुरल्या असत्या.

१७ मार्च

आत ओढली जाणारी हवा थांबवायची म्हणून वन-वे व्हॉल्व्ह, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा. मोटारीच्या ब्रेक बूस्टरवर (ब्रेक दाबायला जोर देणारा भाग) असतो तो घेतला, मिळतो सहज आणि भोक मोठं असतं.

आधी मोजायची सोय केली. डिपस्टिकच्या भोकात रबरी बूच, त्यातून सलाइनची नळी, फळीवर यू आकारात ठोकलेली, आत शाई घातलेलं पाणी. एका श्वासागणिक पाणी वेड्यासारखं नाचतं, म्हणून सलाइनचंच चाक फिरवून नळी चिमटली. मग पाणी शांत राहतं आणि सरासरी दाब दाखवतं. आकडे नळीच्या दोन बाजूंमधल्या पाण्याच्या उंचीच्या फरकाचे; अधिक म्हणजे आत दाब बाहेरपेक्षा जास्त, उणे म्हणजे कमी. व्हॉल्व्ह नसताना: आयडलला अधिक १५ मिमी, ३,००० ला अधिक ६०. म्हणजे क्रँककेस कायम किंचित फुगलेली.

व्हॉल्व्ह टेबलावर फुंकून दिशा पाहिली, खडूने बाण काढला, जागेवर बसवला, इंजिन चालू. बहीण फळीसमोर. दोन सेकंदांत तिची हाक, “दादा, पाणी उडालं!” शाई छतापर्यंत. एल्बो (काटकोनी जोड) बसावा म्हणून मी व्हॉल्व्ह फिरवून धरला होता आणि बाण इंजिनाकडे झाला होता. हवा आत जात होती, बाहेर पडायला वाट नव्हती. लगेच बंद केलं तरी गिअर शाफ्टच्या सीलमधून एक थेंब आलाच. फळी नसती तर मी गाडी फिरवायला नेली असती आणि सगळी सीलं बदलत बसलो असतो.

सरळ बसवल्यावर ३,००० ला उणे ४०. आता बाहेरून दाब आत, आतून बाहेर नाही.

२३ मार्च

उणे ४० हे कमी वाटत होतं. व्हॉल्व्ह डब्याच्या तोंडाशी आहे, ब्रीदरपासून ७०० मिमी लांब. मधल्या पाइपमधली हवा दबते, पसरते आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचेस्तोवर झटक्यातला जीव जातो. व्हॉल्व्ह थेट ब्रीदरवर आणला: उणे १९०. खूश झालो. पण १०० किमीत डब्यात १४ मिली. व्हॉल्व्हच्या वर गेलेलं ऑइल आता परत येऊच शकत नाही, दारच बंद आहे ना.

तेव्हा तोडगा: ब्रीदर, त्यावर उभी नळी, आणि नळीच्या डोक्यावर व्हॉल्व्ह. उणे १३०. थोडी ओढ सोडली, निचरा परत मिळवला. इथे दोन्ही हवं म्हटलं तर मिळत नाही.

३१ मार्च

डब्याचं वरचं तोंड कुठे सोडायचं? सोपं उत्तर म्हणजे पाइप मागे नंबरप्लेटखाली हवेत. पूर्वी असंच असायचं, कित्येक जुन्या गाड्यांत तर हे तोंड मुद्दाम चेनकडे सोडायचे, फुकटात ऑइलिंग. मोटारींतही रस्त्यावरच सोडायचे. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो वायू परत इंजिनात ओढून जाळायची पद्धत आली, कारण धुरक्यात न जळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा या नळीतून येत होता.

मला वासानेच निर्णय घ्यायला लावला. सिग्नलला उभं राहिलं की सीटखालून कडवट, डोळ्यांना झोंबणारी वाफ. मागे बसणाऱ्याने तरी ती का सोसावी? शिवाय उघडं तोंड ठेवणं अनेक ठिकाणी नियमातही बसत नाही. म्हणून डब्याचं वरचं तोंड परत त्याच एअर बॉक्सच्या त्याच नळीला जोडलं. बोल्ट काढला, पाइप लावला.

होय, जिथून पाइप काढायला निघालो होतो तिथेच आणून लावला. मधे एक उभी नळी, एक व्हॉल्व्ह, एक डबा आणि आठ आठवडे. दोष बॉक्सचा नव्हताच, त्याच्याकडे जे पाठवलं जात होतं त्याचा होता.

१४ एप्रिल

ओडोमीटर ४२,५९०. शेवटच्या ४०० किमीत डब्यात १८ मिली, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी. एअर बॉक्सचा तळ बोटाने पुसला: बोट कोरडं, नुसती धूळ. प्लग विटकरी, हवा तसा. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून कायम पाझरणारी ओल थांबली, पॅकिंगला हात न लावता.

थंड सकाळी छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या तर डब्यात लगदा जास्त दिसतो. इंजिन पुरतं तापत नाही, पाणी उडत नाही. तेव्हा दर ५०० किमीला निचरा, थंडीत दर ३०० ला. निघालेलं वापरलेल्या ऑइलच्या कॅनमध्ये, गटारात नाही.

२० एप्रिल

आयडलला नवीन टकटक. टॅपेट सैल झाले म्हणून टाकी उतरवली, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, दोन्ही अगदी बरोबर. तरी अर्धा तास खेळलो. शेवटी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इकडेतिकडे टेकवत गेलो. आवाज ब्रेक बूस्टरच्या व्हॉल्व्हचा. प्रत्येक फेऱ्याला एकदा उघडतो, एकदा मिटतो. बूस्टरवर त्याला एवढी कसरत कधीच नव्हती, किती दिवस टिकतो ते बघायचं. दुसरा आणून टूलबॉक्समध्ये टाकला आहे. त्यावर बाण खडूने नाही, पंचने ठोकलाय.